चाळीस मिनिटं

१९ जानेवारी २०२५, रविवार

आज सहा जणी आल्या. खुर्च्या कमी पडल्या म्हणून दोघी दिवाणावर बसल्या. अविनाश गेल्यापासून नल्लकुंट्याच्या या दोन खोल्यांत एका वेळी एवढी माणसं आली नव्हती. प्रत्येकीने आपापल्या गोळ्या पिशवीत घालून आणल्या होत्या. मी एकेक पाकीट हातात घेते आणि गोळी कशासाठी आहे, फायदा किती, त्रास काय होऊ शकतो ते सांगते. एकतीस वर्षं शाळेत रसायनशास्त्र शिकवलं, ते आता कामी येतंय.

मागच्या महिन्यात महिला मंडळात मी सहज बोलून गेले होते की दुखणं झाल्यावर घ्यायचं औषध वेगळं आणि दुखणं होऊ नये म्हणून घ्यायचं औषध वेगळं. दुसऱ्या प्रकारात शंभर जणी वर्षभर गोळी खातात तेव्हा दोघी-तिघींचं भलं होतं. बाकीच्या नुसत्या खात राहतात. हे आम्हाला कुणी सांगितलंच नाही, असं सगळ्या म्हणाल्या. रविवारची कल्पना कुसुमताईंची. त्यांच्या कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल मी त्यांना डॉक्टरांकडे पुन्हा पाठवलं, डोस कमी झाला आणि पोटऱ्यांचं दुखणं गेलं. तेव्हापासून त्या जिन्यात भेटेल तिला माझं नाव सांगतात.

अविनाशला आठ वर्षं रोज ॲस्पिरिन दिलं गेलं. हृदयाला काही झालेलं नव्हतं, काही होऊ नये म्हणून. शेवटी पोटात रक्तस्राव होऊन माझा नवरा गेला. या बायकांच्या बाजूने कुणीतरी प्रश्न विचारायला हवेत ना?

२६ जानेवारी, रविवार

सगळ्या गेल्यावर समोरच्या बिल्डिंगमधल्या पद्मावतीबाई मागे रेंगाळल्या. आमची ओळख वीस वर्षांची. नामदेवराव सिकंदराबादला रेल्वेत होते. मूळचं घर देगलूरकडचं, शेतीवाडीचं. एकच मुलगी, प्रियदर्शिनी, कॉम्प्युटर कंपनीत आहे आणि कुकटपल्लीला राहते. पद्मावतीबाई बोलायला लागल्या की त्यांच्या मराठीत उर्दू आणि तेलुगू कुठून कुठून येऊन बसतं. ऐकत राहावंसं वाटतं.

"टीचरबाई, माझं एकटीचं बघा. सगळ्यांसमोर नक्को वाटलं."

डिसेंबरात त्यांच्या हृदयाचे ठोके अनियमित निघाले. अशा ठोक्यांनी हृदयात रक्ताची गुठळी होते, ती मेंदूत गेली तर झटका येतो. तो येऊ नये म्हणून रक्त पातळ करणारी गोळी दिली आहे, दिवसातून दोनदा. बाईंनी ब्लाउजच्या बाह्या वर सरकवून दाखवल्या. दोन्ही दंडांवर निळे-काळे डाग. दात घासताना हिरड्यांतून रक्त येतं.

"डाक्टर तेलुगूत भरभर बोलला. मी हौ हौ म्हणले. बंद करू नका, एवढं समजलं बघा."

मी वाचून ठेवलं होतंच. कागदावर मांडून दाखवलं. त्यांच्यासारख्या शंभर जणींनी गोळी घेतली नाही तर वर्षाला साधारण चार-पाच जणींना झटका येईल. घेतली तर एखादी-दुसरीला. म्हणजे तिघी वाचतात आणि सत्त्याण्णव जणींना काही फरक पडत नाही. आणि दोघींना मोठा रक्तस्राव होतो. तीन विरुद्ध दोन. पद्मावतीबाईंनी कागद आपल्याकडे ओढून घेतला.

"मग मी काय करू?"

"मी डॉक्टर नाही हो."

"ते माहीत आहे मला. तुमी माझ्या जागी असता तर काय केलं असतं?"

मी म्हटलं, "मी नसती घेतली."

त्यांचा चेहरा एकदम सैल झाला. वर्गात एखाद्या मुलीला गणित सुटलं की असाच चेहरा व्हायचा. फार दिवसांनी मला असं बरं वाटलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

पद्मावतीबाई गोंगुराची, म्हणजे आपल्या अंबाडीची, भाजी आणि ज्वारीच्या भाकरी घेऊन आल्या. गोळी बंद करून चार दिवस झाले म्हणे. घरी कुणाला सांगितलेलं नाही. नामदेवराव दोन्ही वेळा आठवणीने गोळी हातावर ठेवतात, ह्या स्वयंपाकघरात जाऊन ती कढीपत्त्याच्या कुंडीत खुपसतात. सांगताना स्वतःच हसत होत्या.

"झाडाला झटका येणार नाही बघा आता."

मीही हसले. पुढच्या तपासणीला डॉक्टरांच्या कानावर घाला, असं मी म्हटलं. त्या हौ म्हणाल्या आणि विषय भाकरीवर गेला.

२ मार्च, रविवार

नऊ जणी. एकीने सूनही आणली होती. पद्मावतीबाईंनी बाह्या वर करून सगळ्यांना दंड दाखवले, एकही डाग नाही. मी त्यांना खूण केली, एवढं जाहीर कशाला. पण मनातून आवडलं.

६ मार्च, गुरुवार

घडलं तसं लिहिते. निदान इथे तरी.

सकाळी आठला दहा कमी असताना नामदेवरावांचा फोन. "टीचरबाई, जरा या. हिला काय व्हायलं बघा." मी चपला न घालता गेले. बाई स्वयंपाकघरात भिंतीला टेकून बसल्या होत्या. तोंड एका बाजूला ओढलेलं, उजवा हात मांडीवर पडलेला. माझ्याकडे बघून "पा, पा" म्हणाल्या. पाणी हवं होतं की आणखी काही, कळलं नाही. ओट्यावरचं दूध अजून गरम होतं. म्हणजे नुकतंच झालं होतं.

अँब्युलन्स लवकर आली. साडेआठला आम्ही दवाखान्यात होतो. मेंदूचा फोटो काढला. तरुण डॉक्टरीणबाई होती, हिंदीत बोलत होती. रक्तस्राव नाही, गुठळी अडकली आहे म्हणाली. लवकर आलात, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येईल. जितकं लवकर तितकं चांगलं. मग तिने विचारलं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का?

नामदेवराव म्हणाले, "हौ, रोज दोन टाईम. मीच देतो हातात. काल रात्री पण दिली."

तिने पेन खाली ठेवलं. गोळी अंगात असताना हे इंजेक्शन दिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, देता येणार नाही. रक्त तपासून बघू, पण रिपोर्टला तास-दीड तास लागेल. असं म्हणून ती आत गेली.

मी नामदेवरावांच्या शेजारी उभी होते. भिंतीवरच्या घड्याळात नऊ वाजून पाच मिनिटं झाली होती. मला माहीत होतं की त्या बाईने पंचवीस दिवसांत एकही गोळी घेतलेली नाही. एक वाक्य बोलायचं होतं.

मी बोलले नाही.

मनात काय काय आलं तेही लिहिते. रिपोर्टमध्ये कळेलच. नामदेवरावांना या क्षणी कसं सांगायचं. मी मध्ये कशाला बोलू, डॉक्टर बघतील. आणि सगळ्यांच्या खाली एक, की ते विचारतील, कुणी सांगितलं बंद करायला. मी जाऊन नामदेवरावांसाठी चहा आणला. त्यांनी तो घेतला आणि मला थँक्यू म्हणाले.

पावणेदहाला मी उठले आणि दार ढकलून आत गेले. म्हटलं, त्या गोळी घेत नाहीत. साडेतीन आठवडे झाले.

"पक्कं माहीत आहे? माझा सगळा निर्णय याच्यावर आहे."

"पक्कं."

"तुम्हाला कसं माहीत?"

"त्यांनीच मला सांगितलं होतं."

"मग मघाशी का नाही बोललात?"

"लक्षात नाही आलं," मी म्हटलं.

तिने माझ्याकडे एकदा बघितलं आणि फोन उचलला. दहा वाजता इंजेक्शन सुरू झालं.

८ मार्च, शनिवार

जीव वाचला. उजवा हात थोडा हलतो. बोलणं गेलं आहे. सांगितलेलं कळतं, पण तोंडातून शब्द येत नाही. येतो तो भलताच येतो.

प्रियदर्शिनी कॉरिडॉरमध्ये माझ्या गळ्यात पडली. "काकू, तुम्ही नसता तर इंजेक्शन मिळालंच नसतं. पप्पांना तर काही आयडियाच नव्हती. आईने का बंद केली असेल? तुम्हाला काही बोलली होती का?"

"डागांना कंटाळल्या होत्या," मी म्हटलं. हे खोटं नाही.

आत जाऊन कॉटपाशी बसले. पद्मावतीबाईंनी माझ्याकडे बघितलं, ओठ हलवले. आवाज नुसता. आणि माझ्या मनात आलं, बरं झालं, यांना बोलता येत नाही. अगदी याच शब्दांत आलं. मी लगेच दुसरा काही विचार करायला लागले, पण तो येऊन गेला होता. अशी बाई आहे मी. सदुसष्टाव्या वर्षी कळलं.

११ मार्च, मंगळवार

रविवारी कुणी येऊ नका, असा निरोप पाठवला. कारण दिलं तब्येतीचं. कुसुमताईंचा लगेच फोन आला, किती धावपळ केलीत पद्मावतीसाठी, आता विश्रांती घ्या. कुणाकुणाला मी काय सांगितलं होतं ते आठवून एकेकीला फोन केले. ज्या गोळीविषयी आपलं बोलणं झालं ते आधी डॉक्टरांशी बोला, मनाने काही करू नका. दोघींनी आधीच बंद केल्या होत्या. मला त्याचा पत्ताच नव्हता.

२६ जानेवारीचं पान काढून वाचलं. गेले चार दिवस मी स्वतःला सांगत होते की मी फक्त आकडे सांगितले, निर्णय त्यांचा. पानावर माझ्याच अक्षरात आहे, "मी नसती घेतली." आणि खाली, बरं वाटलं.

आकडेही पुन्हा बघितले. तीन विरुद्ध दोन. त्या दोघी बहुतेक रक्त चढवून घरी येतात. झटका आलेल्या तिघी कशा येतात ते मी आता बघतेय. एक आणि एक सारखे धरले होते मी. आठवीतल्या मुलीने एककं न बघता वजाबाकी केली तर मी अख्खं गणित खोडत असे.

१७ मार्च, सोमवार

पद्मावतीबाई घरी आल्या. बोलणं शिकवायला आठवड्यातून दोनदा एक मुलगी येणार आहे. ती म्हणाली, रोज घरच्या कुणी तासभर सराव घ्यायला हवा. प्रियदर्शिनी माझ्याकडे वळली. "काकू, तुम्ही टीचर आहात. तुमच्याइतकं कुणालाच जमणार नाही."

जायला लागले. वाटी दाखवते, वाटी म्हणा. त्या म्हणतात, "चावी." स्वतःच्या कानावर ते पडतं, चूक कळते, आणि डोळ्यांत पाणी येतं. ज्या बाईला गप्प बस म्हणावं लागायचं ती ही.

२४ मार्च, सोमवार

आज वाटी आली. पाणी आलं. 'ह्यांना' आलं, नामदेवरावांकडे बोट करून. नामदेवराव खुर्चीतून उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ तिथेच राहिले.

एकेक शब्द परत येतोय आणि मी घाबरतेय. एक दिवस त्यांच्याकडे पूर्ण वाक्य असेल. ते माझ्याबद्दल असेल. तरी मी रोज जाऊन शब्द देतेय. प्रायश्चित्त म्हणून जाते की लक्ष ठेवायला, माझं मलाच नीट सांगता येत नाही.

३० मार्च, रविवार, उगादी

नामदेवरावांनी जेवायला बोलावलं होतं. नातेवाईक आले होते, पंधरा-वीस जण. गुढी आमच्या पद्धतीची आणि कडुनिंब-चिंचेची पचडी इथल्या. प्रियदर्शिनीने सगळ्यांना थांबवून माझी ओळख करून दिली. "या अलकाकाकू. यांच्यामुळे आज आई समोर बसलीय." लोकांनी हात जोडले. नामदेवराव, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, माझ्या पायांकडे वाकायला लागले. मी मागे सरकले ती दाराला आपटले. सगळे हसले, किती साध्या आहेत म्हणून.

पद्मावतीबाई हसल्या नाहीत. त्या माझ्याकडेच बघत होत्या.

पोट दुखतंय सांगून न जेवता आले. आता यापुढे एक दिवसही असं जाऊ द्यायचं नाही. मंगळवारी प्रियदर्शिनी घरून काम करते. मंगळवारी.

१ एप्रिल, मंगळवार

सांगितलं.

तिघं समोर होती. मी तयारी करून गेले होते, पण तयार केलेलं काहीच तोंडात आलं नाही. म्हटलं, "गोळी मी बंद करायला सांगितली. सरळ नाही सांगितलं. त्यांनी विचारलं तुम्ही काय केलं असतं, मी म्हटलं नसती घेतली."

नामदेवरावांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा सांगितलं.

प्रियदर्शिनीने लॅपटॉप बाजूला सारला. मग म्हणाली, "काकू, नेटवर मी पण वाचते. ऑफिसमध्ये मी पण लोकांना सांगते, हे नका घेऊ, ते नका घेऊ. आईने मला विचारलं असतं तर मी पण काहीतरी बोलले असते." ती मला वाचवत होती. तिथेच थांबता आलं असतं.

"अजून आहे," मी म्हटलं. "डॉक्टरने विचारलं तेव्हा मी तिथेच होते. पप्पा म्हणाले रोज घेते. मला माहीत होतं घेत नाहीत. मी गप्प बसले."

"किती वेळ?"

"चाळीस मिनिटं."

"फोर्टी मिनिट्स." तिने ते हळू म्हटलं. "मी ट्रॅफिकमध्ये होते तेव्हा. मियापूरच्या सिग्नलला रडत होते मी. तुम्ही तिथे उभ्या होतात." मग म्हणाली, "आणि मी तुम्हाला सगळ्यांसमोर…" ती उठली. "काकू, तुम्ही आता जा."

मी उठणार, तेवढ्यात पद्मावतीबाईंनी डाव्या हाताने टेबलावर थाप मारली. मोठ्याने. सगळे थांबले.

"मी," त्या म्हणाल्या. छातीवर हात ठेवला. "मी. बंद. मी."

"आई, तुला त्यांनी सांगितलं होतं."

"मी!" मग दंडावर बोट ठेवलं, जिथे डाग होते. शब्द सापडेना. तोंड उघडून मिटून, उघडून मिटून. "दे… देऊळ. बाया. हे… हे…" नामदेवरावांकडे बोट. "मारतात. म्हणले."

नामदेवरावांना कळायला वेळ लागला. देवळातल्या बायका डाग बघून म्हणत होत्या की नवरा मारतो. त्या माणसावर हा आळ येऊ नये म्हणून बाई गोळी सोडायचं कारण शोधत होत्या. ते माझ्याकडे मिळालं.

नामदेवराव म्हणाले, "म्हणू दे ना गं. म्हणू दे. मला सांगायचं तर." आणि तिचा उजवा हात, तो न उचलला जाणारा, दोन्ही हातांत धरून बसले.

मी खाली आले. मला हलकं वाटलं नाही. त्या दिवशी जानेवारीत मी एवढंच विचारलं असतं, की तुम्हाला या गोळीचा नेमका त्रास काय होतोय, तर त्या बोलल्या असत्या. मी कागद पेन काढलं होतं.

२ एप्रिल, बुधवार

एकदा लिहायला बसलेच आहे तर हेही. अविनाशला ॲस्पिरिन "दिलं गेलं" असं मी लिहिलंय. कुणी दिलं? मी. एका मासिकात वाचलं होतं. त्याला नको होतं, पोटात जळजळतं म्हणायचा. मी रोज जेवणानंतर ताटाजवळ ठेवायचे, आणि तो घ्यायचा. डॉक्टरांनी कधी लिहून दिलंच नव्हतं. नऊ वर्षं मी सगळ्यांना सांगत आले की डॉक्टरांनी नीट विचार केला नाही.

मुलाला पुण्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "मला माहीत होतं आई." एवढंच. मग मुलांच्या परीक्षांबद्दल बोलला.

१३ एप्रिल, रविवार

बारा दिवस समोरच्या बिल्डिंगमधून कुणाचा आवाज नाही. नामदेवराव भाजीवाल्याकडे दिसले, मान हलवली. सराव आता ती शिकवणारी मुलगी रोज येऊन घेते, असं कुसुमताईंकडून कळलं. कुसुमताईंनाही सगळं सांगून टाकलं. त्यांनी ऐकून घेतलं, आणि जाताना नेहमीसारखं "येते" न म्हणता गेल्या.

२२ एप्रिल, मंगळवार

प्रियदर्शिनीचा मेसेज. "गुरुवारी आईची तपासणी आहे. मला ऑफिसमधून निघता येत नाही. पप्पांना डॉक्टरांचं ऐकू येत नाही. आई तुम्हालाच घेऊन जायचं म्हणते, ऐकतच नाही. मला तुमच्याशी अजून बोलता येत नाही. पण जमलं तर जा."

२४ एप्रिल, गुरुवार

गेलो, तिघं रिक्षाने. तीच डॉक्टरीणबाई होती. तिने फाइल उघडली, तेव्हा मी आधी माझं सांगितलं. गोळी माझ्या बोलण्यावरून बंद झाली, आणि त्या दिवशी मला आठवत होतं, मी खोटं बोलले. फाइलमध्ये लिहून ठेवा म्हटलं. तिने लिहिलं. रागावली नाही, त्याने मला जास्त वाईट वाटलं.

मी विचारलं, त्या चाळीस मिनिटांनी किती गेलं? हाताचं किती, बोलण्याचं किती?

ती म्हणाली, "काही तरी गेलं असणार. किती, ते कुणालाच सांगता येणार नाही. तुम्ही आलाच नसतात तर रिपोर्टपर्यंत थांबलो असतो, जास्त गेलं असतं. एवढंच सांगू शकते." मग माझ्याकडून वळून ती पद्मावतीबाईंकडे बघून सावकाश, थोडं हिंदीत थोडं तेलुगूत बोलायला लागली. गोळी पुन्हा सुरू केली आहे, आयुष्यभर घ्यावी लागेल. डाग येतील. हिरड्यांतून थोडं रक्त येईल. शौचाला काळं झालं, डोक्याला मार लागला तर लगेच या. तुम्हाला काही विचारायचं आहे?

पद्मावतीबाईंना विचारायचं होतं. "डाग," त्या म्हणाल्या. "कमी… दु… दु…"

मला कळलं होतं काय हवंय ते. 'दुसरी'. दुसरी गोळी आहे का, कमी डाग पडणारी. शब्द माझ्या ओठांवर होता. नामदेवराव माझ्याकडे बघायला लागले. डॉक्टरीणबाईही. मी हात मांडीखाली दाबून बसले.

"दु… दुकान. नक्को. दु…" त्यांनी डोळे मिटले. बाहेर कुणीतरी पुढचा नंबर पुकारला. "दुसरी," त्या म्हणाल्या. "दुसरी हाय का?"

आहे, डॉक्टरीणबाई म्हणाली. थोडा फरक पडेल, फार नाही, पण बघू. दोघींचं त्यावर पाच-सात मिनिटं चाललं. मी सगळं लिहून घेतलं, माझं काही न घालता.

घरी येऊन ते जसंच्या तसं प्रियदर्शिनीला पाठवलं. नव्या गोळीचं नाव, वेळ, कशावर लक्ष ठेवायचं, पुढची तारीख. पद्मावतीबाईंनी स्वतः विचारलं, हेही लिहिलं.

दहा मिनिटांनी उत्तर आलं. "ओके." खाली आणखी एक ओळ येतेय असं दिसत होतं, मग ते दिसायचं थांबलं. आधी तिच्या प्रत्येक मेसेजमध्ये कुठे ना कुठे काकू असायचं. मी फोन खाली ठेवला आणि भात लावायला उठले.